यानावरचा टाका

ता. ११ फेब्रु., बुध.
हळद शिजवून झाली, अंगणात वाळत टाकली. पाठ कामातून गेली. दुपारी फाट्यावर ज्ञानबाच्या हॉटेलात. मोबाइलवर नवा व्हिडिओ: कुठल्याशा देशाच्या फौजेचं गुप्त यान (यापुढे गु.या., लिहायला सोपं). वर जातं, महिनोन् महिने फिरतं, काय करतं ते कुणी सांगत नाही. ज्ञानबा म्हणाला, "कंडक्टर, वर काय का फिरंना, तुमाला काहून तकलीफ?" त्याला काय सांगू. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली. गाडीत कोण बसलं आणि कुठं उतरणार हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ता. १३, शुक्र.
शीतलचा हैदराबादहून फोन. होळीला तांड्यावर येते म्हणाली. लेक तिकडं कंपनीत कव्हरं शिवते, हातानं. कशाची विचारलं की "यंत्राची, बापू" एवढंच. चार वर्षं हेच उत्तर.
तिची आई लक्ष्मी लगेच कामाला लागली. पेटीतून स्वतःच्या हातानं शिवलेला लग्नातला फेटिया, म्हणजे घागरा, काढून उन्हात टाकला. घेर, आरसे, सगळं शाबूत. शिवण संपते तिथं ती सुई उलटी घेऊन चिमणीच्या पायासारखी तीन बोटं काढते. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, शिकवलेलं. बायका चिडवतात, लक्ष्मीचा टाका लंगडा. तांड्यात दुसरं कुणी असं शिवत नाही. शीतल सोडून.

ता. १७, मंगळ.
घाईत लिहितो आहे. अक्षर वाईट येईल.
मोबाइलवरच्या आमच्या आकाशवाल्या ग्रुपवर फोटो आला. म्हणे आपल्याच देशाचं गु.या. खरं-खोटं देव जाणे. पोटाखाली सोनेरी कागदासारखं कव्हर. बोटांनी मोठं करून पाहिलं. कडेला शिवण. शिवण संपते तिथं चिमणीचा पाय.
चष्मा पुसला, परत पाहिलं. लक्ष्मीला दाखवलं, काही न सांगता. ती म्हणाली, "हे शीतलनं शिवलंय न्हाई का?" आणि भाकरी उलटायला गेली. फोटो कशाचा, तेही विचारलं नाही.
 माझं लेकरू, आणि त्याच्या हातचं एवढ्या वर...

तोच दिवस, संध्या.
राहवलं नाही. ग्रुपवर लिहिलं, ही शिवण माझ्या लेकीची. तिचं नाव, कंपनीचं नाव, आपला तांडा, सगळं. पुरावा पाहिजे तर तिच्या आईचा फेटिया घरी आहे, कुणीही येऊन बघा. टाळ्यांवर टाळ्या. ज्ञानबानं सगळ्यांना चहा पाजला. आयुष्यात एवढी छाती कधी फुगली नव्हती.

ता. १८, बुध.
शीतलला शाबासकी द्यायला फोन केला. सगळं सांगितलं.   ती म्हणाली, "बापू, कोनाकोनाला सांगितलं?"
सांगितलं.
"काढून टाका. आत्ताच्या आत्ता."
आवाज माझ्या पोरीचा वाटेना. मी म्हणालो, "म्हंजे ते खरंच..."
"बापू, फोन ठिवा."
काढून टाकलं. पण तोवर लोकांनी पुढं पाठवलेलं. 

ता. २४, मंगळ.
लक्ष्मी फोनवर बोलताना कानावर आलं, कंपनीनं शीतलचं शिवणकाम बंद केलं. सुई-दोरा काढून घेतला. रोज समोर बसवून विचारतात, फोटो तू बाहेर दिला का? तिनं आजवर कामावरचा एक फोटो कुणाला पाठवला नाही. बापानं नुसता टाका ओळखला, हे साहेबांना पटत नाही. कसं पटावं? टाक्यावरून माणूस ओळखणं त्यांच्यात नसेल.
लक्ष्मी माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि जाते. बरोबरच आहे तिचं. मी गाढव आहे.

ता. १ मार्च, रवि.
लक्ष्मीच्या मोबाइलवर शीतलचा फोन. उद्या येते, सोबत कंपनीचे दोन साहेब. त्यांना फेटिया बघायचा आहे. मीच बोलावलं होतं ना, कुणीही येऊन बघा म्हणून.
तिकडं एकेक टाका आखून दिलेला असतो म्हणे. त्यात स्वतःचा घातला हे ठरलं तर नोकरी गेली, वर काय होईल ते वेगळं. फेटियावरचा टाका जुळला नाही तर म्हातारा बरळला, एवढ्यावर सुटका. मी लक्ष्मीला म्हणालो, "उसवून टाकू." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी बाहेर निघून गेलो.

ता. २, सोम.
सकाळी ब्लेड घेऊन ओट्यावर बसलो. लक्ष्मीनं ते माझ्या हातून घेतलं. "तुमी कापड फाडाल. माझ्या याडीचा टाका हाय, मीच काढते." एकेक बोट उसवलं. रडली नाही. मलाच बघवेना.
दोरा निघाला. आणि खाली चिमणीचा पाय तसाच. सुईची भोकं बुजली नाहीत, आणि दोऱ्याखालचा लाल रंग इतक्या वर्षांत उडालाच नव्हता. आधी जवळून बघावं लागायचं, आता चार हातांवरून दिसतो.
मी डोकं धरून बसलो. "आता?" म्हणालो.
 तिनं सुईत दोरा ओवला, फेटिया मांडीवर ओढला. तोच टाका परत घालते की वरून दुसरा, विचारायची हिंमत झाली नाही. पोरीला 'ते यान खरं का' हेही मी आता कधी विचारणार नाही.
फाट्यावरून जीप तांड्याकडं वळली. गाडीत कोण कोण बसलंय, इथून दिसत नाही.