पाचव्या ‘का’चं उत्तर

३ जून, मंगळ.
 कारखान्यातली प्रेस नं. ४, पत्रा दाबणारी. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती खाली यायला हवी. गाडेकरभाऊंनी एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं आणि बोटं आत. मी ओरडले म्हणून बोटं वाचली. भाऊ पट्टी सोलत म्हणाले, “झालं का काय? न्हाई ना? मंग मिटलं, ताई.” हे मशिन मला त्यांनीच शिकवलं. आज सुपरवायझर मी.

४ जून
माझं ओरडणं आमच्या प्लांट हेडने, लार्सने, ऐकलंय. (‘सर’ म्हणू नका म्हणतो, तोंडून निघतंच.) स्वीडनहून आला तेव्हापासून टळलेल्या अपघाताचाही फॉर्म आहे, खाली पाच वेळा ‘का?’. आजवर एकानेही भरलेला नाही. आपण होऊन मान कोण पुढे करणार? “मला माणूस नको, कारण हवं. सोमवारपर्यंत.” इतक्या शांतपणे बोलला की जास्तच भीती वाटली.

५ जून
एचआरच्या देसाईंनी बोलावलं, दार लावलं. “कारण त्यांना द्या, मॅडम, आम्हाला नाव लागतं. लार्स दोन वर्षांनी परत जाईल. आपण इथंच आहोत.” चहा तसाच ठेवून उठले. भाऊंच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत.

६ जून
बटण का चिकटवलं? वेग हवा. का? माल कमी पडत होता. का? दोघं रजेवर. बदली माणसं का नव्हती? मागितली नाहीत.
का मागितली नाहीत?
फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला.

७ जून, शनि.
डब्याच्या वेळी भाऊंना म्हटलं, “मीच म्हणाले होते ना, कसंही करून माल काढा.” भाकरी मोडत म्हणाले, “तुमी कायबी बोलला न्हाई. मी माझ्या मनानं केलं, तसंच लिवा. माझं काय, शेत हाय.”
शेत दीड एकर, कोरडवाहू. हे मला माहीत असूनही हायसं वाटलं. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

९ जून, सोम., सकाळ
लिहिलं. ‘माणसं मागितली तर मला शिफ्ट झेपत नाही असं दिसलं असतं. म्हणून मागितली नाहीत. गाडेकरांवर घाई मी लादली.’ खाली माझी सही. 
सावेडीच्या घरून निघून कंपनीच्या बसमध्ये बसलेय. देसाईंचा फोन दोनदा वाजून गेला, उचलला नाही. फॉर्म पर्समध्ये. लार्सकडे जाताना देसाईंचं दार आधी लागतं.