एकाच वायरीचे दोन आवाज

तीर्थरूप काकांना,

लांबूनच वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, पण भाव पूर्ण वाकलेला आहे असं समजावं.) काकूंनाही नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. तुमचा गुडघा, काकूंचा रक्तदाब आणि तुमच्या जिन्यातला तो लुकलुकणारा दिवा, तिघांचीही तब्येत बरी असेल अशी आशा करतो. तुमच्यासारख्या मुख्याध्यापकाला पत्र लिहिताना माझा हात अजूनही बिचकतो आणि ऱ्हस्व लिहायचं तिथे दीर्घ पडतं, तेव्हा लाल पेन्सिल जरा लांब ठेवून वाचावं. पत्र मोठं होणार आहे. सांगण्यासारखं घडलंच तसं आहे.

तुम्हाला माझा छंद ठाऊक आहे. मागे तुम्ही आला होतात तेव्हा आमच्या मागच्या खोलीतली दोन उंच कपाटं पाहून यांना दारं का नाहीत असं विचारलं होतंत. ते स्पीकर होते. त्यांच्यासमोर एक खुर्ची असते आणि ती कुठे ठेवायची त्याच्या खुणा मी फरशीवर चिकटपट्टीने केलेल्या आहेत. त्या खुर्चीत मान सरळ ठेवून बसलं की गाणारी बाई बरोबर मधोमध उभी राहते आणि व्हायोलिनवाला तिच्या डाव्या खांद्यामागे. वीतभर बाजूला सरकलात की बाई भिंतीत जाते. बायको एकदा हौसेने ऐकायला आली होती. मी उठून तिला खुर्ची दिली आणि बाजूला उभा राहून मान हलवू नकोस, मान हलवू नकोस म्हणत राहिलो. ती पुन्हा आली नाही. सुटीच्या सकाळी ती पुढच्या खोलीत, मी मागच्या, आणि मधलं दार घट्ट बंद (आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, भांडण म्हणून नव्हे) अशी आमची व्यवस्था होती.

त्या सकाळी माझ्याकडे दोन मित्र येतात. एक वकील. ते ऐकतात कमी आणि ऐकलेल्याचं वर्णन जास्त करतात, पण करतात फार सुंदर. दुसऱ्याला आम्ही दशांश म्हणतो. तो वीजमीटर तपासणाऱ्या कचेरीतून निवृत्त झाला आहे आणि त्याला कसा आहेस विचारलं तरी टिंबानंतरचे आकडे सांगितल्याशिवाय राहत नाही. जे मोजता येत नाही ते नाही, असं त्याचं मत. गेल्या वर्षी त्याची बायको गेली. मुलगी परदेशी. आठवड्यात तो माणसांशी बोलत असेल तर आमच्या खोलीतच, आणि तेही वकिलांशी वाद घालायला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

तर मी स्पीकरला नवी वायर आणली. साधी नव्हे. करंगळीएवढी जाड, वर निळं विणलेलं आवरण, आणि ती जमिनीला टेकू नये म्हणून खाली ठेवायला लाकडाचे छोटे घोडे. (बायकोला वाटलं खेळणी आहेत. तिने ते धुऊन ठेवले.) ती जोडली, खुर्चीत बसलो, आणि काका, खोटं सांगत नाही, बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते तो मला ऐकू आला. इतकी वर्षं ती माझ्या घरात श्वास न घेता गात होती. वकील खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले की काचेवरची धूळ कुणीतरी ओल्या फडक्याने पुसली आहे. मग दशांश बसला. त्याने डोळे उघडेच ठेवले होते. थोडं ऐकून तो म्हणाला, "तांबं आहे. आधीही तांबंच होतं."

एवढ्यावरून ठिणगी पडली. वकील म्हणाले की ज्यांना मीटरचे काटे वाचायची सवय असते त्यांचे कान दरवाज्याच्या कड्यांसारखे असतात, असतात पण ऐकत नाहीत. दशांश म्हणाला की वकिलांना पैसे घेऊन काहीही खरं वाटू शकतं, इथे ते फुकट करताहेत एवढंच. मी दोघांना शांत करायला गेलो आणि दोघांनीही मला, तू मध्ये पडू नकोस, तुझीच वायर आहे, असं सुनावलं. दशांश अर्धा चहा तसाच टाकून उठला आणि गेला. पुढच्या सुटीला आला नाही. त्याच्या पुढच्या सुटीलाही नाही. वकील आले, पण वर्णन करायला समोर विरोधक नसल्यामुळे त्यांचीही रंगत गेली. दोन वेळा ते नुसतं "छान" म्हणाले. वकिलांच्या तोंडून नुसतं "छान" ऐकणं फार वाईट, काका.

आता दुकानाकडे येतो. चष्म्याचं दुकान ठीक चाललं आहे. मी आतल्या काळोख्या खोलीत नंबर काढतो आणि बायको बाहेर काउंटरवर फ्रेमी दाखवते. एक बाई आल्या होत्या, बँकेत काम करणाऱ्या. तपासणीची जड फ्रेम त्यांच्या नाकावर, समोर अक्षरांचा तक्ता, आणि मी काचा बदलत आधीची बरी की ही बरी, असं विचारत होतो. कधीकधी मी एक युक्ती करतो. तीच काच काढतो, हवेत जरा फिरवतो आणि तीच पुन्हा बसवतो. गिऱ्हाईक नुसतं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतंय का, हे त्यातून कळतं. बाई म्हणाल्या, "अय्या, ही कितीतरी स्वच्छ आहे." मी अनुभवी माणसासारखा हसलो. त्या खोटं बोलत नव्हत्या हे मला माहीत आहे. काच बदलली असं मेंदूला कळवलं की तो अक्षरं घासून पुसून समोर ठेवतो. डोळ्याला त्यातलं काही विचारलंही जात नाही. हे मी शिकाऊ मुलांना अनेकदा शिकवलं आहे आणि बऱ्यापैकी शिकवतो.

बाई गेल्यावर बायको पडदा सारून आत आली. ती सगळं ऐकत होती. म्हणाली, "तुमची ती निळी वायर आणि ही काच, यांत फरक काय?" मी म्हणालो की फरक आहे, तिथे मी ऐकणारा आहे. ती म्हणाली, "तेच म्हणते मी." आणि तिने त्याच दुपारी माझ्या फोनवरून दशांशला फोन केला. तिने त्याला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण पुढच्याच सुटीला तो इस्त्री केलेला शर्ट घालून आला.

परीक्षेची व्यवस्था सगळी तिची. स्पीकरसमोर दोरीला पलंगाची चादर टांगली. (दशांशने चादरीमुळे आवाजात किती फरक पडेल ते सांगायला सुरुवात केली, पण ती त्याच्याकडे बघत राहिली तेव्हा तो थांबला.) मी खुर्चीत, आणि माझ्या मागे एकाच बाकावर वकील आणि दशांश, खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता. ती चादरीमागे जाणार, वायर बदलणार, पहिली किंवा दुसरी असं ओरडून सांगणार, तेच गाणं लावणार आणि आम्ही काय वाटलं ते बोलायचं. मला अजिबात धाकधूक नव्हती. माझे कान तयार आहेत, हे मी तुम्हाला आजही सांगेन.

आतून स्क्रू फिरवल्याचे आवाज आले. "पहिली," ती म्हणाली. जुनी वायर. गाणं लागलं. मी म्हणालो, बंद खोलीतलं वाटतंय. वकील म्हणाले, धूळ आहे. दशांश म्हणाला, तसंच आहे. पुन्हा स्क्रू. "दुसरी." आणि बाईने श्वास घेतला, काका. स्पष्ट. वकिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दशांश म्हणाला, तसंच आहे. असं पुष्कळदा झालं. पहिलीला आम्ही दोघे खंतावत होतो, दुसरीला फुलत होतो आणि दशांश दर वेळी तेच म्हणत होता. शेवटी जरा जास्त वेळ खुडबुड झाली आणि ती म्हणाली, "ही पण दुसरीच, फक्त नीट आवळली आहे." गाणं लागलं. वकील हळूच म्हणाले, "आता कसा उबदार झाला." मलाही तसंच वाटलं. मी म्हणालो, बाई दोन पावलं पुढे आली. दशांश म्हणाला, "शून्य फरक."

तिने चादर काढली. निळी वायर बाहेरच्या खुंटीवर गुंडाळून ठेवलेली होती, परीक्षेआधीच तिने ती काढून खोलीबाहेर नेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत जुनी वायर, आणि स्क्रू फिरवल्याचा आवाज ती पेचकस डब्यात फिरवून काढत होती. दशांश उठून उभा राहिला. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात पाहिला नव्हता. तो वकिलांना काहीतरी सुनावणार एवढ्यात ती म्हणाली, "भाऊजी, बसा. शेवटच्या वेळी उबदार झालं, ते खरं होतं." आणि तिने बोट दाखवलं. डाव्या स्पीकरच्या तोंडावर माझी झोपायची उशी नाडीने आवळून बांधलेली होती.

निम्म्या आवाजाला उशी बांधली होती आणि मोजण्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने शून्य फरक म्हटलं होतं. दशांशने जवळ जाऊन उशी दाबून बघितली. मग तो परत बाकावर बसला आणि म्हणाला, "मी ऐकतच नव्हतो. नाही म्हणायची तयारी करून बसलो होतो. मेंदू आधी निकाल लिहून ठेवतो आणि कानाची फक्त सही घेतो." वकील म्हणाले की असे न्यायाधीश त्यांनी खूप पाहिले आहेत. आधी दशांश हसला, मग वकील, आणि मग दोघे असे हसायला लागले की बाक हलायला लागलं. माझ्याकडे मात्र दोघांपैकी कुणीही सहानुभूतीने बघितलं नाही.

मला लाज वाटली का, असं तुम्ही विचाराल. अजिबात नाही. मी तर म्हणतो माझ्या मेंदूचं कौतुक व्हायला हवं. जुन्या वायरीतून, नुसत्या बायकोच्या शब्दावर, त्याने मला बाईचा श्वास ऐकवला. आणि तो श्वास खोटा नाही, तो त्या ध्वनिमुद्रणात आहे, दशांशने मोजून दाखवला. तो आधीपासून होता, मी तिकडे कान दिला नव्हता. गर्दीत हजार आवाज असले तरी आपलं नाव कुणी घेतलं तर मान वळते ना, तसंच ते. दुसरीही एक गोष्ट दशांशने समजावली. हे स्पीकर आणले तेव्हा मला ते कर्कश वाटले होते आणि काही आठवड्यांनी गोड झाले. आमच्या छंदात सगळे म्हणतात की स्पीकर मुरावा लागतो. दशांश म्हणाला की स्पीकर पहिल्या दोन-चार तासांत बदलायचा तेवढा बदलतो, त्यानंतर मुरतो तो ऐकणारा. मेंदूला नव्या आवाजाची ओळख पटायला वेळ लागतो. पटली की तो त्यातलं खुपणारं गाळून टाकतो आणि हवं ते उचलून देतो.

आता खोलीत खुर्ची नाही, जुना सोफा आहे. कोपऱ्यात बसणाऱ्याला बाई भिंतीतून ऐकू येते, पण येते. दशांश दर सुटीला येतो. बायकोही बसते, मान हवी तशी हलवते आणि गाणं ऐन रंगात असताना मला दुकानातल्या फ्रेमींबद्दल विचारते. त्याचीही आता सवय होत आली आहे.

तब्येतीला जपावं. काकूंना पुन्हा नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. : हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोनवर आता काहीही सांगितलं तरी "बरं बरं" म्हणता. काकूंनी मला सांगितलं आहे. कानाचं यंत्र तुम्ही एक सकाळ लावलंत, नळाचं पाणी धबधब्यासारखं वाजलं, काकूंचा आवाज पत्र्यासारखा वाटला, म्हणून काढून कपाटात ठेवलंत ते ठेवलंत. काका, यंत्र बिघडलेलं नाही. तुमच्या मेंदूने बरीच वर्षं नळ ऐकलेला नाही, त्याला ओळख पटायची आहे. रोज थोडा वेळ लावा, आधी घरात, मग बाहेर. काही आठवड्यांत पत्रा जाईल आणि काकू राहतील. काकू सांगत होत्या की परवा त्यांनी तुम्हाला गमतीने विचारलं, मी मेले तर तुम्हाला चालेल का, आणि तुम्ही पेपर वाचता वाचता म्हणालात, "चालेल, फक्त साखर कमी घाल." हे सांगताना त्या खूप हसल्या. मग फोनवर थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र बायकोने वाचलं. तिचं म्हणणं, वरची सगळी पानं फाडून टाका आणि फक्त ता. क. पाठवा. मला तिचं म्हणणं अगदी स्पष्ट ऐकू आलं. मेंदूने घेतलं नाही.