स्टॅनलीने काडी ओढली तो शुक्रवार

वसई,
नोव्हेंबर २००४

प्रिय डॅडी,

तुमचं पत्र मिळालं. रिटायर होऊन कायमचे येताय, स्टॅनलीने एअरपोर्टवर गाडी घेऊन यावं, असं लिहिलंत. बापलेकांमधलं जुनं सगळं खलास समजा, असंही. मग ते जुनं एकदा नीट आठवू या.

शारजात मजाजच्या आपल्या बिल्डिंगमध्ये तय्यब पहिल्या मजल्यावरून पडला, पाय मोडला, तेव्हा स्टॅनली तेरा वर्षांचा होता आणि मी दहाची. फुटपाथवरून आणलेली जुनी कॉमिक्स स्टॅनली सगळ्या पोरांना वाचायला द्यायचा, तय्यबलाही. त्याच सुमारास तुमच्या प्रार्थनागटात कुणी पाहुणा सांगून गेला होता की कॉमिक्समधून सैतान मुलांशी बोलतो. झालं! तय्यब कॉमिकमधल्या हीरोसारखा उडायला गेला, असं बिल्डिंगने ठरवूनच टाकलं. खरं तर खिडकीतल्या एसीमागे कबुतराने अंडी घातली होती. "अंडे देखने गया था," असं तो प्लास्टर घालून पडल्या पडल्या सांगत होता. त्याची आई झुबेदा आपल्या दारात येऊन म्हणाली, "भाईसाब, आपके बेटे का कोई कसूर नहीं." तुम्ही म्हणालात, "शैतान बच्चों से झूठ बुलवाता है," आणि दार लावून घेतलंत.

शुक्रवारी बिल्डिंगमागच्या वाळूत तुम्ही सगळ्यांना जमवलंत. घराघरांतली कॉमिक्स पिंपात टाकून काडेपेटी स्टॅनलीच्या हातात दिलीत. "आय डिडन्ट डू एनिथिंग, डॅडी," तो म्हणत राहिला. त्याला गुडघ्यांवर बसवून प्रत्येकाची माफी मागायला लावलीत. मग त्याने स्वतः काढलेलं कॉमिक शर्टाखालून खेचून घेतलंत. त्यातला हीरो तुम्ही होतात, डॅडी. दुबई रोडवरचा ट्रॅफिक दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवणारा आणि पोरं झोपायच्या आत घरी पोचणारा. तुम्ही एक पानसुद्धा उलटलं नाहीत. तेही पिंपात टाकलंत आणि काडी त्यालाच ओढायला लावलीत.

नंतर त्याला इंडियात बोर्डिंगला टाकलंत. चित्रं काढताना दिसला तर फटके द्या, असं तिथल्या रेक्टरना कळवलंत. त्यांनी दिले. आता तो बँकेत आहे. फोनवर बोलताना हातात पेन असलं, तरी कागदावर एक रेघ ओढत नाही.

तर, तो एअरपोर्टवर येणार नाही. गेल्या महिन्यात त्याचं लग्न झालं. नवरीकडच्यांनी तुमच्याबद्दल विचारलं तेव्हा "वडील नाहीत" एवढंच म्हणाला, आणि आम्ही कुणीच त्याला खोडून काढलं नाही. आजी आजारी आहे म्हणून तुम्ही मम्मीला पाठवलंत ना? आजी ठणठणीत आहे, लग्नात नाचली. मम्मी आता स्टॅनलीकडेच राहते. ती शारजाला परत येणार नाही, आणि तुम्ही इथे आलात तरी तुमच्याकडे येणार नाही. तुमचा फोन आला की रडते, म्हणून हे तिच्या वतीने मी लिहितेय. घराची किल्ली शेजारच्या रोझआंटीकडे ठेवलीय. एअरपोर्टबाहेर टॅक्सी मिळते.

तुमचीच,
मरिसा