नाव खोडलं, फोन मात्र मलाच

सुरत, १८ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप अण्णांना नूतनचा नमस्कार.

मी मजेत आहे. खानावळीतली भाजी गोड असते, पण आता सवय झाली. आईच्या गुडघ्याला तेल लावता ना?

गावभर सांगू नका म्हटलं होतं, तरी तुम्ही सांगितलंच असणार. आमच्या फायनान्स कंपनीने माझा कर्जाच्या हप्त्यांचा प्रोग्राम खरंच फुकट खुला केला. कुणीही वाचावा, बदलावा. ओपन सोर्स म्हणतात त्याला. पण देण्याआधी साहेबांनी माझं नाव आणि मी आत लिहिलेल्या मराठी टिपा काढायला लावल्या. बरं दिसत नाही म्हणे! आता वर फक्त कंपनीचं नाव.

त्यातली एक टीप होती: इथला कापड बाजार दिवाळीपासून लाभपाचमपर्यंत, म्हणजे आपल्या पांडवपंचमीपर्यंत, बंद, म्हणून तेवढे दिवस हप्त्याची नोटीस काढायची नाही. टीप गेली, नियम आत राहिला. परवापासून तो वापरणाऱ्या पतसंस्थांचे नागपूर, कोल्हापूरहून फोन, तुमचा प्रोग्राम दिवाळीत झोपला होता! साहेब रिसीव्हर माझ्याच हातात देतात, "बेन, तमे ज समजावो ने." म्हणजे तुम्हीच समजवा! नावाला मी नको, बोलणी खायला बरी चालते!

डोकं फिरलंय, पण वेळेवर जेवते. आईला एवढंच वाचून दाखवा.

अण्णा, दर जूनमध्ये माझ्या वह्यांना कव्हर घालून तुम्ही वर नाव टाकायचात. ते कुणी खोडायला लावलं तर काय करायचं, तेवढं शिकवायचं राहिलं.

तुमची,
नूतन