बटाटेकाका गप्प आहेत

ती. आईस,

कोरियातल्या सोलहून तुझ्या पेई-शानचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

इंटरनेटवर माझ्याशी रोज भांडणारे ते जपानी काका आठवतात ना, स्वतःच्या फोटोऐवजी बटाटा लावणारे? "तुमचं तैवान नकाशावर शोधायला भिंग लागतं," म्हणायचे. मी म्हणायचे, "तुम्ही जपानी खांबाला धडकलात तरी खांबाचीच माफी मागता!"

परवा जपानात ते राहतात त्या किनाऱ्याकडे मोठा भूकंप झाला. तेव्हापासून ते गप्प आहेत. मी लिहिलं, "काका, मी हरले. तैवान चिमुकलंच आहे. आता तरी बोला." उत्तर नाही. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलंच नाही.

आई, नाव ठाऊक नसलेल्या माणसाची चौकशी कुठे करतात गं?

तुझीच,
पेई-शान