रिबीचा तळवा माझ्या गळ्यावर

सोम. १ जुलै
आज रिबीने पाळकसाहेबांची फजिती केली. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही हे ठाऊक असून ते मोठमोठ्याने विचारतात, "बेटा, येशू कहाँ है?" मी आमच्या खुणेने तेच विचारलं, तशी ती उठली नि त्यांच्या गळ्यावर हात ठेवून उभी. ते दचकले. मी हसून बेजार. तिला येशू म्हणजे गळ्यातली थरथर. मीच लावलंय. तान्ही असल्यापासून संध्याकाळच्या प्रार्थनेला नातीला मांडीवर घ्यायचं, तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचा नि गीत म्हणायचं. आता सहा वर्षांची झाली. तिला येशू हवा असला की स्वतःचा गळा धरून दाखवते. साहेबांनी पोहे दोनदा घेतले, शेव संपली.

गुरु. ४ जुलै
प्रमोदने ठरवलंच. धारला अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे. म्हणाला, "आई, तुझ्या खुणा या घरातच चालतात. बाहेर कोण समजणार?" म्हटलं, मी समजते की. "तू किती दिवस?" सूनबाई उठून आत गेली. पोळी करपल्याचा वास आला, आम्ही दोघं उठलो नाही. मुलगा खरं बोलला तर राग काढायचा कुणावर.

रवि. ७ जुलै
पोचवून आलो. इंदूरला बस बदलली. नवा फ्रॉक म्हणून तिला वाटलं लग्नालाच चाललोय. दिसेल त्या म्हशीला टाटा. वॉर्डन मॅडम तरुण, गोड. हातांनी भराभर बोलतात, मला एक कळेल तर शपथ. विचारलं, "अम्मा जी, कोई आदत?" साखरेशिवाय दूध पीत नाही हे सांगितलं, अंधाराला भिते हे सांगितलं. गळ्याचं राहिलं. निघताना ती फाटकाशी उभी. पदर तोंडात धरून चालत सुटले. मागून हाक नाही. ती कुठून मारणार

शनि. १३ जुलै
मॅडमचा फोन. "रिबेका का गला दुखता है क्या? रोज शाम को गला पकड़के दिखाती है. डॉक्टर को दिखाया, कुछ नहीं निकला. सिरप दे रहे हैं." मी हो हो करून ठेवला.
पोर रोज येशूला बोलावतेय नि तिला चमचा मिळतोय. पीतही असेल, गुणी आहे. तिला वाटत असेल, आपण त्याला बोलावलं की हे कडू येतं.
प्रमोदला सांगितलं. आधी हसला, मग थांबला. मग जाऊन भांडी घासत बसला. कधी घासत नाही.

रवि. १४ जुलै
चर्चमधे साहेब सांगत होते, देव एकेकाला नावानिशी ओळखतो, जीव लावतो. एरवी मान डोलवते. आज बसल्या जागी त्याला म्हटलं, तू ओळखतोस रे तिला. पोटात घडत होती तेव्हापासून. कानाचंही तुला ठाऊक. पण तिला कोण सांगणार? माझा गळा इथे देवासला. तिकडे तुझा कोणता?
सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी नाही.

सोम. १५ जुलै
मीच फोन लावला. म्हटलं, "दवा बंद करो. उसका गला नहीं दुखता. वो प्रार्थना करती है." मोडकंतोडकं सगळं सांगितलं. मॅडम हळूच, "और मैं उसको सिरप पिला रही थी." म्हटलं, "शाम को तुम कुछ गाओ, उसका हाथ गले पे रखो. इतनाच."
"अम्मा जी, मुझे तो माताजी के भजन ही आते हैं. आपको चलेगा?"
देवीची भजनं, नि बोलवायचं येशूला. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या.
म्हटलं, "गाओ बेटी."

मंगळ. १६ जुलै
प्रार्थनेची वेळ झाली. बसले, पण गीत निघेना. मांडी रिकामी. तिकडे आत्ता हात ठेवला असेल का? थरथर लागली तर तिला वाटेल, आला. येईल का तो त्या गळ्यात? साहेबांना विचारायचं नाही. प्रमोद म्हणतो, फोन कर ना आई. समोरच ठेवलाय

लावत नाहीये.