आप्पांची पुरवणी

लिंबागणेश
२८ जुलै २०२४

चि. पंचशीला हिस,
अ. आ. व जय भीम.

विषय: परीक्षेचा निकाल.

१. समुपदेशन पदविकेच्या परीक्षेत मी नापास झालो. दोन्ही पेपर. एकोणतीस आणि एकतीस.

२. संस्थेचं पत्र आलं आहे. डिसेंबरच्या परीक्षेत पास झालो नाही तर फेब्रुवारीपासून शाळेत माझ्या समुपदेशकाच्या खुर्चीवर पदविकावाला माणूस येईल. मी परत गेटवर वॉचमन.

३. तुझ्या आईला सांगितलं. आधी हसली, मग रडली, मग भाकरी टाकायला गेली.

४. तू मला शिकवावं ही विनंती.

बाकी सर्व ठीक.

तुझा आप्पा
(आबासाहेब ओव्हाळ, हवालदार, निवृत्त)


अंबाजोगाई
४ ऑगस्ट २०२४

ती. आप्पांना,
स. जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. ते पत्र आहे का पंचनामा, हे ठरवायला मला दोन दिवस लागले. चोवीस वर्षं फौजेत काढून आलेल्या माणसाने नापास झाल्याचं कळवायचं आणि खाली सर्व ठीक लिहायचं, हे तुम्हालाच जमतं.

आई फोनवर सांगत होती की तीन तासांच्या पेपरातून तुम्ही चाळीस मिनिटांत बाहेर आलात आणि पर्यवेक्षकाला वाटलं तुम्हाला चक्कर आली. दहा मार्कांच्या प्रश्नाला म्हणे तुम्ही चार ओळी लिहिल्या. चार ओळींत तर आमच्या मेसच्या भाजीची तक्रारसुद्धा मावत नाही. अहो, शाळेतली पोरं तुमच्या खोलीत येऊन तासतासभर बोलतात, आणि तुम्ही कागदावर मात्र गस्तीचा रिपोर्ट देता. तपासणाऱ्याला काय कळणार?

पण एक विचारते. सुग्रीव सर शेजारी राहतात, वीस वर्षं मराठी शिकवतात, रोज आपल्या ओट्यावर चहा पितात. त्यांना सोडून एवढ्या लांबच्या पोरीला मास्तरीण कावून करताय?

असो. शिकवते. अटी ऐका. फोन चालणार नाही, कारण परीक्षेत हाताने लिहायचंय आणि मोबाइलमुळे तुमचा हात आखडलाय. पाठपोट कागद भरून शाळेतला एखादा प्रसंग लिहायचा. मी लाल पेनाने तपासून परत पाठवीन. ओळींना आकडे टाकायचे नाहीत. शेवटी सर्व ठीक लिहिलंत तर पाच मार्क कापीन.

माझं इथं ठीक चाललंय. नर्सिंगचं दुसरं वर्ष म्हणजे वॉर्ड आणि अभ्यास, सवड कमीच. आईला सांगा लोणचं संपलं.

लाल शाई बघूनही लोभ तसाच ठेवा.

तुमची
पंचशीला


लिंबागणेश
१८ ऑगस्ट २०२४

चि. पंचशीला हिस,
अ. आ. व जय भीम.

सुग्रीव सरांचा प्रश्न राखून ठेवतो. उत्तर देईन, पण माझ्या वेळेला.

प्रसंग लिहितो. पोराचं नाव लिहिणार नाही. लेकराचं नाव कागदावर घ्यायचं न्हाई, हा माझा नियम तुला माहीत हाय. नववीतला एक मुलगा चार दिवस शाळेतली खिचडी खात नव्हता. त्याला बोलावलं. ठीक आहे म्हणाला. पाणी दिलं. परत विचारलं. रडला. कारण कळलं. त्याच्या वडिलांना भेटलो. पाचव्या दिवशी दोनदा वाढून घेतलं. एवढंच झालं.

कागद अर्धा रिकामा राहिला म्हणून दुसरं लिहितो. मी नापास झाल्याचं शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं, पण गावात काय लपतंय? माझ्या खोलीबाहेर चिठ्ठ्या टाकायची पत्र्याची पेटी आहे ना, तिच्यात आठवीच्या वर्गाची एक चिठ्ठी निघाली. त्यात लिहिलं होतं की सरांनी टेन्शन घेऊ नये, अडचण असल्यास मधल्या सुट्टीत वर्गात येऊन भेटावं, सरांचं गुपित बाहेर जाणार नाही. माझीच वाक्यं मला परत पाठवली पोट्ट्यांनी.

हसू आलं, पण मग पुढचा विचार आला. दिवाळीनंतर यांचे आईबाप ऊसतोडीला निघतील. पन्नासेक लेकरं इथं वसतिगृहात राहतील. संध्याकाळी पाच वाजता ती माझ्या खोलीवर येतात. गेटवर बसलेल्या माणसाला चिठ्ठी कोण टाकणार? मला ही खुर्ची पाहिजे, पोरी. खरंच पाहिजे.

बाकी काही ठीक, काही नाही.

तुझा
आप्पा


अंबाजोगाई
८ सप्टेंबर २०२४

ती. आप्पांना,
स. जय भीम, वि. वि.

तुमचा कागद तपासून सोबत पाठवलाय. खिचडीच्या परिच्छेदाला दहापैकी दोन. खुर्चीच्या परिच्छेदाला आठ. दोन मार्क मुद्दाम ठेवलेत, नाहीतर डोक्यात हवा जाईल.

फरक कळला का? खुर्चीबद्दल लिहिताना तुम्ही कागदावर होता. खिचडीच्या वेळी तुम्ही कुठंतरी सावधान उभे होता. तो मुलगा रडला, तेव्हा तुम्ही काय केलं? त्याच्या वडिलांना काय म्हणालात? आणि मधेच पाणी दिलं असं लिहिलंय. पाणी कावून? त्याला तहान लागली होती का? ही एक ओळ मी तीनदा वाचली. परीक्षक तिथंच तुमचे मार्क शोधणार आहे आणि तुम्ही ते दोन शब्दांत गिळून टाकलेत.

पुढच्या पत्रात फक्त पाण्याबद्दल लिहा. पूर्ण कागद.

मी बरी आहे. माझं ठीक चाललंय. दिवाळीत घरी येणं होईल असं वाटत नाही, अभ्यास राहिलाय. आईला तुम्हीच समजावून सांगा, तुम्ही समुपदेशक आहात.

मार्क कमी दिले म्हणून माया कमी करू नका.

तुमची
पंचशीला


लिंबागणेश
६ ऑक्टोबर २०२४

चि. पंचशीला हिस,
अ. आ. व जय भीम.

पाण्याबद्दल लिहितो. हे तुझ्या आईलाही पुरतं माहीत नाही.

२००३ साली आमची तुकडी लई थंडीच्या ठिकाणी गेलती. माझ्या हाताखाली एक जवान होता. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. त्याचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. मी विचारलं, तो म्हणाला ठीक आहे. मी रोजच्या रिपोर्टात लिहिलं, सर्व ठीक. असं अकरा दिवस लिहिलं. बाराव्या दिवशी तो सामान जागेवर ठेवून, कुणाला न सांगता गावाकडं निघून गेला. घरी बायको आजारी, तान्हं लेकरू, आणि हे कुणाला सांगावं ते त्याला कळत नव्हतं. त्याची नोकरी गेली. साहेबांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, कारण माझा रिपोर्ट बरोबर होता. पण मी जर दुसऱ्यांदा विचारलं असतं तर त्याला रजा मिळवून देता आली असती. ते अकरा दिवस मला अजून पाठ आहेत.

तेव्हापासून ठीक आहे हे उत्तर मी घेत नाही. शाळेच्या गेटवर होतो तेव्हाही घेत नव्हतो, म्हणून तर पोरं माझ्याजवळ थांबायला लागली आणि मुख्याध्यापिका विजयमाला बाईंनी मला आत खुर्ची दिली. लेकरू ठीक म्हणालं की मी त्याला माठातलं पाणी देतो. पाणी पिताना बोलावं लागत नाही, बघावं लागत नाही. तेवढ्या वेळात आतलं गोळा होतं. ग्लास खाली ठेवला की मी परत विचारतो, आणि मग खरं येतं. त्या नववीतल्या मुलाच्या आईने घर सोडलं होतं. खिचडी तिच्या हातच्यासारखी लागते म्हणून तो खात नव्हता. मी त्याच्या वडिलांकडं गेलो, त्यांनाही आधी पाणीच दिलं, त्यांच्याच घरात.

आता तुझं. तू दोन पत्रांत ठीक चाललंय असं लिहिलंस. म्हणून दुसऱ्यांदा विचारतो. कसं चाललंय? घाई नाही. पाणी पिऊन उत्तर दे.

तुझा
आप्पा


अंबाजोगाई
१० नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांना,
स. जय भीम, वि. वि.

पाणी प्यायले. उत्तर द्यायला महिना लागला, माफ करा.

आप्पा, माझे पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले. शरीररचना आणि जीवरसायन. निकाल जुलैतच लागला. मी घरी सांगितलं नाही. सगळं इंग्रजीत शिकवतात, मी वर्गात मान हलवते आणि खोलीवर येऊन एकेक शब्द शोधत बसते. गावात आईने कुणाकुणाला सांगून ठेवलंय की आमची पंचशीला सिस्टर होणार. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून दिवाळीला आले नाही.

खरं सांगायचं तर कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवला होता. तो ऑफिसात द्यायला निघाले होते त्याच दिवशी तुमचा पंचनामा आला. मग म्हटलं, आधी आप्पांची परीक्षा होऊ द्यावी. वडिलांचं लिखाण लाल पेनाने तपासायचं आणि आपण पळून जायचं, हे काही बरं दिसलं न्हाई. अर्ज अजून पेटीत आहे. डिसेंबरच्या शेवटी माझी फेरपरीक्षा आहे. बसावं का न्हाई, कळत नाही.

तुमच्या पाण्याच्या कागदाला दहापैकी दहा. तपासताना लाल पेन हातात राहिलं, कुठं लावावं ते सुचलं नाही.

रागावला असाल तर रागवा, पण आईला एकदम सांगू नका.

तुमची
पंचशीला


लिंबागणेश
९ डिसेंबर २०२४

चि. पंचशीला हिस,
अ. आ. व जय भीम.

तुझ्या पत्राला मी पोस्टकार्डावर चार ओळींत उत्तर दिलं होतं. जेवतेस का, झोपतेस का, कुठला धडा अडतो, आणि वर्गात कुणाचं इंग्रजी चांगलं हाय. ते मुद्दाम छोटं होतं, त्याला मार्क देऊ नकोस. तू त्या परळीच्या मैत्रिणीजवळ बसून रोज एक धडा करतेस हे फोनवर ऐकून लई बरं वाटलं. फेरपरीक्षेला बसायचं. बाकी आपण बघू.

काल माझी परीक्षा झाली. त्याआधी सहा डिसेंबरला विहारात वंदना झाली, तिथंही लोक मला पेपरचंच विचारत होते. काल पहाटे एसटीसाठी निघालो तर वसतिगृहातली पोरं फाटकाशी रांगेत उभी. मी त्यांना दहावीच्या पेपरला जे सांगतो ते त्यांनी मला एकेकाने सांगितलं. येणारा प्रश्न आधी घ्या, शेजाऱ्याकडं बघू नका, घड्याळाला भिऊ नका. शेवटच्या चिमुरडीने हॉलतिकीट घेतलं का ते तपासलं. मी घेतलं नव्हतं. तुझी आई पळत जाऊन घेऊन आली आणि सगळ्यांसमोर मला बोलली.

दुसऱ्या पेपरात प्रश्न होता की तुम्ही हाताळलेल्या एका प्रसंगाचं सविस्तर वर्णन करा. वीस मार्क. मी लिहायला लागलो ते लिहीतच गेलो. पुरवणी मागितली. मग आणखी एक मागितली. मागच्या वेळचाच पर्यवेक्षक होता, त्याने मला नीट निरखून बघितलं आणि दोरा दोनदा बांधून दिला. घंटा झाली तेव्हा वर्गात मी एकटाच लिहीत होतो.

बोटं सुजलीत. आनंदात आहे.

तुझा
आप्पा


लिंबागणेश
२ फेब्रुवारी २०२५

चि. पंचशीला हिस,
अ. आ. व जय भीम.

विषय: परीक्षेचा निकाल.

१. पास झालो. चौसष्ट आणि एकाहत्तर.

आकडा एकच टाकला, मन भरेना म्हणून. विजयमाला बाईंनी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर निकाल वाचला. पोरांना कुणी हुकूम दिला नव्हता, तरी सगळ्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. मीही तसाच कडक सॅल्यूट परत दिला. संस्थेने खुर्ची कायम केली. तुझ्या आईने शाळेत जिलेबी वाटली आणि सुग्रीव सरांना सांगितलं की आमच्या घरात मास्तर आहे, तुमची गरज पडली नाही.

आता राखून ठेवलेलं उत्तर. तुझ्या कॉलेजचं निकालाचं पाकीट वीस जुलैला घरी आलतं, पालकांच्या नावाने. मी वाचलं आणि फौजेच्या ट्रंकेत ठेवलं. तुला फोन केला, तू ठीक आहे म्हणालीस. आठ दिवसांनी माझा निकाल लागला. मी खराखुरा नापास झालो, त्यात नाटक नव्हतं. पण वाटलं, नापास झालो हे या घरात कुणीतरी आधी सांगायला पाहिजे. ते मी सांगितलं. आणि शिकवायला सुग्रीव सर नाही, तूच पाहिजे होतीस. ज्याच्या हातात दुसऱ्याचं काम असतं तो एकदम उठून जात नाही, हे मी चौकीवर बघितलं होतं.

वीस मार्कांचा प्रसंग मी तोच लिहिला. एकोणीस वर्षांची एक मुलगी, लांबच्या वसतिगृहात, ठीक आहे म्हणणारी. तिला दुसऱ्यांदा विचारायला तिच्या बापाला अडीच महिने लागले, हेही लिहिलं. नियमाप्रमाणे नाव घेतलं नाही. तुला न विचारता लिहिलं, राग आला तर सांग.

तुझ्या निकालाची वाट बघतो. कसाही असला तरी आधी मला कळव.

तुझा
आप्पा


अंबाजोगाई
९ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना,
स. जय भीम, वि. वि.

परवा निकाल लागला. दोन्ही विषय सुटले. जीवरसायनात बासष्ट. पर्यवेक्षकाकडं पुरवणी मी पण मागितली, एकच, पण तुमची आठवण काढून मागितली. आईला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, जुलैपासूनचं. ती आधी रडली, मग हसली, मग मला म्हणाली की तुझ्या बापाने सात महिने ट्रंकेला कुलूप कावून लावलं होतं ते आता कळलं. तुम्हाला आज घरी काय ऐकावं लागणार आहे, याची मला कल्पना आहे.

तुमचं पत्र मी वॉर्डातून आल्यावर जिन्यातच वाचलं आणि तिथंच बसून राहिले. एक मैत्रीण म्हणाली काय झालं, तर मी तिला ठीक आहे म्हणणार होते. नाही म्हणाले. बापाचं पत्र आहे, रडू येतंय, असं सांगितलं. ती पाणी घेऊन आली.

हा कागद उलटा करून बघा. कॉलेज सोडायचा अर्ज आहे तो, सही-तारखेसकट. ऑफिसात द्यायचा राहिला तो राहिलाच, आता पाठ कोरी होती म्हणून पत्राला घेतला. ट्रंकेत त्या पाकिटाशेजारी ठेवून द्या.

राहिलं तुमचं उत्तर तपासायचं. परीक्षकाने किती दिले मला माहीत नाही. मी वीसपैकी एकोणीस देते. एक मार्क कापलाय, कारण त्या मुलीचं नाव नाही. तुमचा नियम इतर लेकरांसाठी राहू द्या. हा प्रसंग परत कुठं सांगायची वेळ आली, कुणी ठीक आहे म्हणणारं तुमच्या माठापाशी येऊन बसलं, तर तिचं नाव लिहा, सांगा, पूर्ण लिहा. तिची परवानगी आहे.

तुमची
पंचशीला आबासाहेब ओव्हाळ